आरएक्स कुठली, बुलेट कुठली आणि आवाज कुणाचा?

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या ग्रुपला भिगवणचा झटका येतो. हिवाळ्यात फ्लेमिंगोंचं निमित्त, उरलेलं वर्ष माशांचं. पहाटे साडेपाचला मगरपट्ट्याजवळ जमायचं, सोलापूर रस्ता धरायचा, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला मागे टाकायचे आणि पहिला चहा वरवंडला घ्यायचा. वरवंडच का, तर माझं आजोळ तिथलं. मामा दूध घालून परत येतो ती वेळ आणि आमच्या चहाची वेळ बरोब्बर जुळते. शिवाय चहाचे पैसे तो देतो. :-)

तर मागच्या वेळी टपरीवर चार गाड्या लागल्या होत्या. एक यामाहा आरएक्स १००, एक जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, एक केशरी केटीएम ड्यूक ३९० आणि माझी २००६ची पल्सर १५०. (माझ्या गाडीकडे कुणी बघत नाही. सवय झाली आहे.) चहा यायच्या आत नेहमीचा वाद पेटला. आरएक्सवाला म्हणाला, "माझं इंजिन मेड इन जपान आहे, पहिल्या लॉटमधलं." बुलेटवाला म्हणाला, "बुलेट ब्रिटिश रे, बाकी सगळे डबे." ड्यूकवाल्याने ऑस्ट्रियाचं नाव घेतलं. मग गाडी सायलेन्सरवर आली. कुणाचा कंपनीचा, कुणाचा बाहेरचा, कुणाचा आवाज 'ओरिजिनल'. बुलेटवाल्याने पुरावा म्हणून बुलेट चालू करून दाखवली आणि गंमत म्हणून किल्ली बंद-चालू करत एक फटाका वाजवला. रविवारी सकाळी सात वाजता. भर वस्तीत.

मामा तेवढ्यात आला होता. स्प्लेंडरला दोन्ही बाजूंनी कॅन. तो काही ओरडला वगैरे नाही. कॅन उतरवून शांतपणे एवढंच म्हणाला, "आरं, म्हातारी दचकून उठती रं. पंचाण्णव वर्षांची हाय ती." आजीचं घर तिथून शंभर पावलांवर आहे. बुलेटवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग विषय बदलावा म्हणून की काय, मामाने आरएक्सच्या इंजिनावर बोट ठेवून विचारलं, "हे जपानचं कशावरून?" मित्राने सगळं सांगितलं. गाडी एक लाख तीस हजाराला घेतली, मग स्लीव्ह बदलला, पिस्टन नवा टाकला, गेल्या वर्षी क्रँकची बेअरिंग बदलली, आणि आता पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याकडे 'जपानी ब्लॉक' आलाय, तो चाळीस हजारात बसवायचा विचार आहे. मामा हसला. "म्हंजे आतलं समदं हितलं, आन् वरचं कवाच जपानचं. अन् ते बी आता दुसऱ्या गाडीचं!"

त्या दिवशी भिगवणला मासे खाताना आणि नंतरचे दोन वीकांत मी हाच विषय धरून बसलो. कोणती गाडी कुठली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्यासारख्या लोकांना तो समजायला खरं तर सोपा जायला हवा. आपण रोज दुसऱ्याचा कोड फोर्क करून त्यावर आपला शिक्का मारतोच की! मोटरसायकलचंही अगदी तसंच झालं आहे, आणि या सगळ्या फोर्कांची मुळं शोधत गेलं की एकाच गावात पोचतो. ते गाव ना जपानात आहे, ना इंग्लंडात. ते आहे जर्मनीत, सॅक्सनी प्रांतात, आणि त्याचं नाव चोपाऊ.

चोपाऊला डीकेडब्ल्यू नावाची कंपनी होती. काढणारा माणूस योर्गन स्काफ्टे रासमुसेन, मूळचा डेन्मार्कचा. डीकेडब्ल्यूचा अर्थ सुरुवातीला 'वाफेवर चालणारी गाडी' असा होता. वाफ काही चालली नाही, पण टू-स्ट्रोक इंजिन मात्र असं चाललं की १९२०च्या दशकाच्या अखेरीस ही जगातली सगळ्यात मोठी मोटरसायकल कंपनी झाली. १९३२ मध्ये आउडी, हॉर्च आणि वांडरर यांच्याबरोबर तिचं विलीनीकरण होऊन ऑटो युनियन झाली. आउडीच्या बोनेटवर जी चार वर्तुळं दिसतात, त्यातलं एक डीकेडब्ल्यूचं. कोरेगाव पार्कात आउडी दिसली तर लक्षात असू द्या, त्यातला पाव हिस्सा फटफटीचा आहे.

१९३९ मध्ये डीकेडब्ल्यूने आरटी १२५ नावाची एक साधी, हलकी गाडी आणली. हर्मान वेबर नावाच्या इंजिनिअरचं ते डिझाइन. मग महायुद्ध झालं, जर्मनी हरली आणि जिंकणाऱ्यांनी पेटंटसकट सगळं वाटून घेतलं. रशियाने चोपाऊच्या कारखान्यातली यंत्रं उचलून नेली. इंग्लंडमध्ये बीएसएने तीच गाडी बँटम म्हणून काढली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने (होय, त्याच हार्लेने) १२५ सीसीची टू-स्ट्रोक काढली, तीही हीच. पोलंडने युद्धानंतर छोट्या मोटरसायकली बनवायला घेतल्या तेव्हा समोर नमुना आरटी १२५चाच होता. आणि १९५५ मध्ये जपानात बाजाच्या पेट्या आणि पियानो बनवणाऱ्या एका कंपनीने मोटरसायकल काढायचं ठरवलं. त्यांनीही आरटी १२५ समोर ठेवली, लाल रंग दिला आणि नाव ठेवलं वायए-१. लोक तिला लाल चतुर म्हणत. ती कंपनी म्हणजे यामाहा. आरएक्सच्या टाकीवर तीन काट्यांचं जे चिन्ह आहे ना, ते वाद्यं सुरात लावायचे ट्यूनिंग फोर्क आहेत. म्हणजे आवाजाचं आणि यामाहाचं नातं आपल्याकडच्या पोरांनी जाळी काढण्याच्या कितीतरी आधीपासूनचं!

आता बुलेटवाला म्हणेल, आमचा याच्याशी काय संबंध. आहे की. रॉयल एनफील्ड इंग्लंडमधल्या रेडिचची. डीकेडब्ल्यूच्या छोट्या आरटीचे हॉलंडमधले विक्रेते ज्यू होते म्हणून नाझी राजवटीने त्यांच्याकडून विक्रीचा हक्क काढून घेतला. ते विक्रेते रेडिचला गेले आणि म्हणाले, अशीच गाडी आम्हाला बनवून द्या. एनफील्डने बनवली. युद्धात तीच गाडी 'फ्लाइंग फ्ली', म्हणजे उडती पिसू, या नावाने इंग्रज छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उतरवली गेली. जर्मनांनीच हाकलून दिलेलं जर्मन डिझाइन जर्मनांविरुद्ध! एनफील्डने २०२४ मध्ये आपल्या विजेवरच्या गाड्यांसाठी हेच नाव परत काढलं.

बुलेट मात्र वेगळ्या वंशातली, फोर-स्ट्रोक. ती भारतात आली सैन्यामुळे. सीमेवर गस्तीसाठी गाडी हवी होती, ३५० सीसी बुलेट निवडली गेली, ८०० गाड्यांची ऑर्डर गेली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफील्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग आणून जोडायचे, मग १९५७ मध्ये साचे आणि यंत्रंच विकत घेतली, आणि १९६२ पर्यंत गाडी पूर्ण इथली झाली. गंमत पुढेच आहे. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. १९७० पर्यंत इंग्लंडमधली एनफील्ड संपली. मद्रासमध्ये मात्र बुलेट निघतच राहिली, आणि १९७७ मध्ये ती इंग्लंडला निर्यात होऊ लागली. म्हणजे जगात 'ब्रिटिश बुलेट' नवी मिळायची एकच जागा उरली होती, तिरुवोट्टियूर! मूळ रिपॉझिटरी उडाली आणि फोर्कच मेन झाला, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. बुलेटवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे माझी तमीळ बुलेट आहे तर." आहेच.

आणि त्याचा तो सायलेन्सर? तो 'गोल्डस्टार'. बुलेटवाल्यांच्या बोलण्यात शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, पंजाब, इंदौरी अशी अख्खी घराणी असतात, ख्याल गायकीसारखी. पण गोल्डस्टार हे त्यातलं खानदानी नाव. मूळ गोल्ड स्टार ही बीएसएची, म्हणजे एनफील्डच्या प्रतिस्पर्धी कंपनीची गाडी. १९३७ मध्ये वॉल्टर हँडली नावाच्या रेसरने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर बीएसएवर ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारली. अशी फेरी मारणाऱ्याला तिथे एक छोटा सोन्याचा तारा मिळायचा. बीएसएने १९३८ मध्ये त्याचंच नाव गाडीला दिलं. तर आपल्याकडे मद्रासच्या एनफील्डला बर्मिंगहॅमच्या बीएसएच्या नावाचा, इथल्याच कुठल्यातरी शेडमध्ये पत्रा वळवून केलेला सायलेन्सर लावतात आणि त्याला ओरिजिनल ब्रिटिश आवाज म्हणतात. असो.

टपरीवर चौथा गट नव्हता तो येझदीवाल्यांचा, पण त्यांनाही सोडायला नको. जावा हे नाव यानेचेक या चेक कारखानदाराच्या नावाची सुरुवात आणि वांडरर या जर्मन कंपनीच्या नावाची सुरुवात जोडून झालेलं आहे. यानेचेकने १९२९ मध्ये वांडररचा मोटरसायकलचा धंदा घेतला. वांडरर कुठली, तर केमनिट्झची, चोपाऊपासून बसने जाऊन यावं इतकी जवळ. मुंबईच्या ईराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावा काढली, १९६१ पासून गाड्या निघू लागल्या, आणि १९७०च्या दशकात नाव झालं येझदी, इराणमधल्या याझ्द शहरावरून. जर्मन मुळं, चेक डिझाइन, इराणी नाव, कन्नड कामगार. दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, पण सिलेंडर एकच. किक मारायची तीच दांडी गिअरची. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी परत आल्या त्या मध्य प्रदेशातल्या पीथमपूरहून, आणि ज्या कंपनीने त्या आणल्या तिच्याकडेच आता बीएसए गोल्ड स्टारचंही नाव आहे. वंशावळ काढायची तर वही पुरणार नाही.

आता मुख्य गोष्ट, आवाजाची. यासाठी पुन्हा चोपाऊला जावं लागतं.

टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीला भोकं असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना ती उघडतो-झाकतो. जळलेला धूर बाहेर जायचं भोक उघडं असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं, त्यामुळे थोडं ताजं मिश्रण न जळताच धुराबरोबर पळून जातं. ही टू-स्ट्रोकची जन्मजात खोड. युद्धानंतर चोपाऊचा कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि त्याचं नाव एमझेड झालं. तिथे वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर रेसिंग विभाग बघायचा. युद्धात तो क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. त्याने बघितलं की धूर बाहेर पडताना नळीत दाबाची एक लाट जाते. नळी पुढे रुंद होत गेली तर उलट दिशेने खेचणारी लाट परत येते, आणि ती सिलेंडर चांगला रिकामा करते. मग नळी पुन्हा अरुंद केली तर ढकलणारी लाट परत येते, आणि पळून गेलेलं ताजं मिश्रण अगदी शेवटच्या क्षणी परत आत कोंबते. म्हणजे धुराच्या नळीत एक न दिसणारा दरवाजा! ऑसिलोस्कोप लावून काडेनने या लाटा मोजल्या आणि नळीचे आकार ठरवले. १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. लिटरला २०० अश्वशक्ती. तुलनेसाठी, आपल्या जुन्या बुलेटच्या ३४६ सीसीतून १८ निघायच्या.

आणि मग पुढचं सगळं थेट सिनेमासारखं. एर्न्स्ट डेगनर हा एमझेडचा रेसर. १९६१ मध्ये तो १२५ सीसीच्या जागतिक स्पर्धेत आघाडीवर होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहायला लागली. सप्टेंबरमध्ये स्वीडनला क्रिस्टियानस्टाडची शर्यत होती. त्याच दिवसांत त्याच्या बायकोमुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिम जर्मनीत नेलं गेलं. शर्यतीत डेगनरचं इंजिन फुटलं आणि तो संध्याकाळी संघाकडे परतलाच नाही. तो पोचला जपानात, हामामात्सुला, सुझुकीकडे. बरोबर काडेनची अक्कल. त्या वर्षीचं विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेगनरने सुझुकीवर ५० सीसीचं विजेतेपद जिंकलं, सुझुकीचं पहिलं. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना सुझुकाच्या ट्रॅकवरचं डेगनर वळण माहीत असेल. ते याच माणसाचं, तो तिथे पडला होता म्हणून. काडेन मात्र चोपाऊलाच राहिला. त्याच्या हाताखालून शिकलेला माणूस सगळं घेऊन गेला आणि त्याला ना परदेशी पगार मिळाला, ना जागतिक विजेतेपद. मला ही गोष्ट वाचल्यापासून डेगनरवर रागवावं की नाही हे ठरवता येत नाही. भिंत बांधून माणसं कोंडणाऱ्यांच्या तावडीतून तो सुटला, हेही खरंच आहे.

दोन-तीन वर्षांत जपानी टू-स्ट्रोक सगळीकडे जिंकू लागल्या. १९६४ मध्ये यामाहाने २५० सीसीचं विजेतेपद घेतलं. रेसिंगमधली ती फुगीर नळी हळूहळू रस्त्यावरच्या गाड्यांत आली, पण सौम्य होऊन, बाहेरून साध्या लांबोळ्या सायलेन्सरसारखी दिसेल अशी. आरएक्स १०० चा कंपनीचा सायलेन्सर ही त्याच खानदानातली वस्तू आहे. आत मापं धरून केलेले कप्पे आणि शेवटी आवाज मारणारी जाळी. ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती निघतात त्यात त्या नळीचा वाटा आहे. त्यामुळे आरएक्सचा सायलेन्सर कापणारे किंवा बाजारातला कुठलाही पाइप बसवणारे लोक खरं तर इंजिनाचाच एक भाग काढून टाकत असतात. आवाज वाढतो, म्हणून गाडी पळते असं वाटतं. मापात बनवलेला चांगला पाइप बसवला तर गोष्ट वेगळी, पण तो मग एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच ओढतो आणि खाली गाडी मरगळते. फोर-स्ट्रोकमध्ये एवढा फरक पडत नाही. (माझ्या पल्सरच्या नळीला कंपनीने एक छोटा डबा जोडलाय, खालच्या वेगात ओढ यावी म्हणून. ही माहिती मी टपरीवर दिली होती. कुणी ऐकली नाही.)

आता 'मेड इन जपान'चं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी भागीदारीला दार उघडलं. म्हणून एकाच वेळी चार शंभर सीसी गाड्या आल्या: १९८४ मध्ये होसूरहून टीव्हीएसची इंड-सुझुकी, १९८५ मध्ये धारूहेड्याहून हिरो होंडा सीडी १००, त्याच वर्षी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, आणि मग बजाजची कावासाकी. सुरुवातीला पेट्यांमधून जपानी सुटे भाग आणायचे, आणि काही वर्षांत बहुतेक भाग इथेच बनवायचे, असा सगळा प्रकार होता. त्यामुळे आरएक्सच्या पहिल्या गाड्यांत जपानी इंजिन असणं खरं आहे, आणि त्यानंतरच्या गाड्यांत जपानीपणा महिन्यामहिन्याला पातळ होत गेला, हेही तितकंच खरं. १९९६ पर्यंत आरएक्स १०० निघाली. त्यातल्या पहिल्या काही हजारांतलीच आपली, असं सांगणारे लोक मात्र त्या काही हजारांपेक्षा नक्कीच जास्त भेटतात!

ड्यूकवाल्याचं उलट आहे. त्याची ऑस्ट्रियन गाडी चाकणला बनते. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये पैसे घातले, २०११ पासून चाकणच्या छोट्या ड्यूक युरोपात जाऊ लागल्या, आणि तिकडच्या टपऱ्यांवर (काय म्हणत असतील ते) आता वाद होतो की ही 'इंडियन' केटीएम घ्यावी का. २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीत गेली आणि २०२५ मध्ये बजाजने तिचा ताबाच घेतला. ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा २०२३ पासून चाकणचीच. माझा मामेभाऊ चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात आहे. त्याला विचारलं की तू कुठल्या गाडीचे भाग बनवतोस, तर म्हणाला, "दादा, पेटीवर नंबर असतो. गाडी कुठली ते आम्हाला कशाला सांगत्यात."

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण बुलेटवाल्याने विचारलं होतं. २००५ पासूनच्या नियमांत ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० अशी आवाजाची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, त्यामुळे 'थोडासाच जास्त' असं काही नसतं. गाडी विकायच्या आधी हे मोजलं जातं. आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय हेच तर करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्या-मुंबईत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. आणि नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या नळीतच असतो. बाहेरचा सायलेन्सर लावला की बहुतेक वेळा तो भंगारात जातो. फटाका वाजतो तो कसा, तर ठिणगी क्षणभर बंद होते, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत साठतं आणि तिथे पेट घेतं. म्हणजे जे इंजिनात जळायला हवं ते आजीच्या उशाशी जळतं.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. त्याला पोलंडमध्ये रस वाटला. कारण त्याच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये एक राजदूत १७५ उभी होती. राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची, पण मूळची पोलंडमधल्या किएल्त्सेची एसएचएल एम ११. म्हणजे पुन्हा आरटी १२५ च्याच घराण्यातली, जरा धिप्पाड चुलत बहीण. आमच्या भागात ती दूधवाल्यांची गाडी. तीन गिअर, साडेसात-आठ अश्वशक्ती, पण चार कॅन आणि वर पेंडीचं पोतं घेऊन कॅनॉलच्या भरावावरून जायची. 'बॉबी' सिनेमातल्या छोट्या राजदूतचं कौतुक शहरात. गावात कौतुक हिचं.

मामा म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. भंगारवाला शनवारी येणार हाय. किलोवर द्यायची ठरलीय."

मी म्हटलं, "मामा, थांबा. विकू नका."

"तू काय करणार तिचं? पुण्यात लावायला जागा हाय का तुला?"

जागा नाहीच. सोसायटीत पल्सरसाठीच भांडतोय. पण त्या गाडीच्या दुधावर माझ्या धाकट्या मावशीचं डी.एड. झालं, आणि आई माहेरी आली की दौंड स्टेशनवरून आम्हाला तिनेच आणलंय. मी टाकीवर बसायचो. तो 'जपानी ब्लॉक' शोधणारा मित्र आणि मी, दोघांत फरक नाही हे मला तेव्हा कळलं. त्यालाही कुणाची तरी आरएक्स आठवत असणार. (नंतर विचारलं. काकाची. १९९८ मध्ये विकली.)

शनिवारी मी आणि तोच आरएक्सवाला वरवंडला गेलो. भंगारवाल्याला मामाने चहा पाजून परत पाठवलं. गाडी बघितली तर टायर गेलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार, क्लच प्लेटा चिकटलेल्या, पण इंजिन फिरत होतं. गावातला जुना मिस्त्री आला. त्याने पहिल्यांदा सायलेन्सर सोडवला. टू-स्ट्रोकचं तेल वर्षानुवर्षं जळून आत डांबरासारखा कार्बन बसतो. तुऱ्हाट्या पेटवून त्याने सायलेन्सर त्यात टाकला, लालसर होईपर्यंत भाजला, आणि काठीने बडवून आतला कोळसा काढला. माझा मित्र म्हणाला, "जाळी काढून टाका ना, आवाज मस्त येईल." मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. जाळी घासून, तीच परत बसवली.

कार्बोरेटर, पॉइंट आणि प्लेटा यात पुढचा रविवारही गेला. टाकी धुतली, पेट्रोलमध्ये हाताने तेल मिसळलं. (आरएक्सला तेलाची वेगळी टाकी असते, हिला नाही.) मामाने किक मारली. काही नाही. पंधरा-वीस किका झाल्या. मित्र घामाघूम झाला, मी झालो, मिस्त्री शांतपणे प्लग पुसत होता. मग एकदा फुटफुटली, बंद पडली, पुन्हा फुटफुटली आणि धरलं तिने. सगळा गोठा निळ्या धुराने भरला. म्हशींनी एकदा मान वळवून बघितलं आणि परत रवंथ सुरू केला.

मामाने एक्सलेटर कमी केला. तो राजदूतचा बसका, घोगरा, संथ आवाज वीसेक वर्षांनी त्या वाड्यात घुमला. मला जरा धाकधूक होती. आत आजी झोपली होती.

आतून आवाज आला, "आलास का रं दूध घालून? च्या ठेव म्हणावं."